बारदान वजा करून

"बारदान वजा कर ना भो, बारदान."

मोठ्या काकांचा आवाज अंगणातून आला तेव्हा मी खोलीत कानांवर हेडफोन लावून बसले होते. हेडफोनमध्ये काहीही वाजत नव्हतं. कोणी काही विचारू नये म्हणून मी ते बहुतेक वेळा लावून ठेवते. मला वाटलं, कापूस मोजतायत. मग आठवलं की आमचा कापूस विकून कधीच झालाय आणि अंगणात आता फक्त वाळत घातलेल्या मिरच्या आहेत. मी खिडकीचा पडदा बोटभर सरकवला.

कापूस मोजायच्या काट्यावर माझे वडील उभे होते. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि चेहऱ्यावर आधार कार्डाचा फोटो काढताना असतो तसा भाव. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका, काट्यावरचा लाल आकडा वाचत होते.

"चौऱ्याण्णव," पप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"हाई भरेल पोतानं वजन शे," काका म्हणाले. "अंगवरना कपडासनं काय वजन धरस? ते बारदान शे. कापूस मोजतस तवय पोतानं वजन धरतस का?"

पप्पा विचारात पडले. "अर्धा किलो धर मंग."

"अर्धा? तो पायजमा शे का मंडप? एक किलो धर. आनि सकायपाईन तांब्यावर तांब्या पानी पी ऱ्हायना तू. ती ओल शे. ओलनी घट दोन किलो."

कापूस ओला आहे असं म्हणून व्यापारी वजनात घट धरतात. या दोघा भावांनी ती घट आयुष्यभर सोसली होती. आज पहिल्यांदाच ती त्यांच्या बाजूने लागू होत होती, त्यामुळे दोघांनाही त्यात विशेष समाधान वाटत होतं. उपचार सुरू होण्याआधीच पप्पांचं वजन तीन किलोंनी उतरलं.

हे सगळं सुरू झालं होतं आदल्या दिवशी, शहाद्याच्या डॉक्टरांकडे. पप्पांना जेवण झालं की गुंगी यायची, जिना चढताना दम लागायचा, आणि पँटचं बटण लावताना ते श्वास रोखून छताकडे बघायचे. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. मग डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रावर अनवाणी उभं केलं. हातात दोन दांडे धरायचे, हलायचं नाही. यंत्र अंगातून बारीकसा करंट सोडतं आणि शरीरात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, ते सांगतं. करंट म्हटल्यावर पप्पांनी दांडे असे धरले, जशा काही विहिरीवरच्या मोटारीच्या उघड्या तारा आहेत.

डॉक्टर आमच्याकडच्याच शेतकरी घरातले आहेत. त्यांनी फार छान समजावलं. म्हणाले, "कापूस किती क्विंटल, एवढ्यावर तुम्ही थांबता का? रुई किती निघते, सरकी किती, ते बघता ना? तसंच आहे. नुसतं वजन बघू नका, आत काय आहे ते बघा."

पप्पांनी कागदाकडे बघितलं. "म्हणजे मन्हामा सरकीच जास्ती शे."

"हो. आणि ती पोटात, आतड्यांभोवती, लिव्हरभोवती आहे. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे शरीरात आतून मंद सूज राहते. बाहेरून दिसत नाही, दुखत नाही. पण साखर, रक्तदाब, सांधे, सगळीकडे तिचा त्रास होतो."

काकांनी लगेच हात लांब करून पप्पांचं पोट दाबलं. "कोनती बाजूले शे?"

"हाताला नाही लागणार काका."

"मंग तुम्ले कशी सापडनी?"

यंत्राने आणखी एक गोष्ट छापून दिली होती, शरीराचं वय. पप्पांचं खरं वय बावन्न, शरीराचं निघालं सहासष्ट. हे ऐकताच काका उठले आणि न सांगता यंत्रावर चढले. काका एकोणसाठ वर्षांचे आहेत. यंत्राने त्यांना सत्तावन्न ठरवलं. मग काकांनी खाली वाकून पप्पांच्या पायाला हात लावला.

"पाया पडस दादा. आते तूच मन्हा मोठा भाऊ."

डॉक्टरसुद्धा हसले. आणि त्या हसण्यातच ते एक वाक्य बोलून गेले, जे त्या खोलीत फक्त मी ऐकलं. ते म्हणाले, "बारीक माणसंही यातून सुटलेली नसतात बरं. कधीकधी दिसायला काटकुळा आणि आत सगळं हेच."

त्या वेळी माझी आई दाराजवळ उभी होती. तिच्या एका हातात सगळ्यांच्या चपला होत्या, कारण दवाखान्यात चपला बदलतात असं तिचं ठाम मत आहे. दुसऱ्या हातात दोघा भावांचे मोबाइल. यंत्रावर तिला कोणी बोलावलं नाही, तिनेही विचारलं नाही. मम्मी आमच्या घरातली सर्वांत बारीक व्यक्ती आहे. तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. विळीने बोट कापलं होतं. कापलं होतं ते संक्रांतीच्या आधी, आणि आता उन्हाळा लागला होता.

मी घरी बसून एका कंपनीचं काम करते. विम्यासाठी आलेल्या दवाखान्यांच्या फाइली वाचायच्या, कागद पुरे आहेत का बघायचे. दिवसभर अनोळखी लोकांच्या जखमा आणि साखरेचे आकडे डोळ्यांखालून जातात. त्यामुळे न भरणाऱ्या बोटाकडे मी जरा जास्तच बघायचे. शिवाय मम्मी झोपताना उशाशी भरलेला तांब्या ठेवायची आणि सकाळी तो रिकामा असायचा. आणि तिच्या आईचं, कळसाडीच्या आजीचं, पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं, ते मी लहानपणी स्वतः पाहिलेलं आहे. आजीसुद्धा अशीच काडीसारखी होती. मला भीती होती की मम्मीलाही शुगर आहे. पप्पांपेक्षा जास्त आहे. पण हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं. मी वाक्यं म्हणत नाही. शाळेत इंग्लिश मीडियममध्ये असताना घरचं बोलणं शाळेत चालायचं नाही आणि शाळेतलं घरी. मधल्या काळात गप्प बसायची सवय लागली, ती राहिली.

तर काट्याकडे परत येते. तीन किलो घट कापून झाल्यावर काकांनी खिडकीकडे न बघताच हाक मारली.

"मॅडम, पडदामांगून काय देखी ऱ्हायनी? बाहेर ये. तुन्ही मम्मीले सांग, चहा आन."

मम्मी तिथून हाताच्या अंतरावर ओट्यावर गहू निवडत होती. पण मोठे काका मम्मीशी थेट बोलत नाहीत आणि मम्मीही त्यांच्याशी बोलत नाही. जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि धाकट्या भावाची बायको, यांनी एकमेकांशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. पुष्कळ घरांतून ती गेली, आमच्यात टिकली, कारण दोघांनाही ती सोयीची आहे. जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरा माणूस नेहमी मीच. काकू सुरतला माझ्या चुलतभावाकडे नातवंडं सांभाळायला गेल्यापासून काका आमच्याकडेच जेवतात, त्यामुळे माझं काम वाढलं होतं. मी नसले तर काका म्हशीला सांगतात. एकदा ते म्हशीला म्हणाले होते, "भाजीमा मीठ कमी शे आज," आणि मम्मीने म्हशीला उत्तर दिलं होतं, "डॉक्टरनीच सांगं शे कमी खावाले."

गंमत अशी की ज्या मुलीला चार माणसांत बोलायची लाज वाटते, तिच्याच तोंडून घरातला सगळा कारभार चालायचा. पण ती वाक्यं माझी नसायची. त्यामुळे मला त्यांचा त्रास नव्हता.

"मम्मी, चहा आण म्हणतायत."

मम्मीने चहा आणला, सवयीने तीन कप. पप्पांनी आपला कप बघितला आणि मान फिरवली. डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

"आते काय करवा याले?" पप्पांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुन्ही मम्मीले सांग, काट्यावर उभी ऱ्हाय बरं." आणि रीतीप्रमाणे तोंड दुसरीकडे वळवून ते रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर बघू लागले.

मम्मी पदर सावरून काट्यावर चढली. त्रेचाळीस. मी आकडा मोठ्याने सांगितला, कारण काकांची पाठ होती.

"हाई शे तब्येत," काका ट्रॅक्टरकडे बघत म्हणाले. "हिन्हं बारदान वजा करू नका, नही तं काहीच नही उरनार. पी म्हना दोन्ही कप. तिले काय व्हस?"

मम्मीने स्वतःचा कप प्यायला आणि पप्पांचाही. "फेकाले काय चोरीना शे?" असं ती माझ्याकडे बघून म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेली रुई-सरकी एका रात्रीत विसरली गेली होती, कारण आमचा काटा फक्त वजन दाखवतो. आणि कापूस पिकवणाऱ्या घरात काट्याचा शब्द शेवटचा असतो. ज्याचा आकडा सर्वांत लहान तो सर्वांत निरोगी, असं त्या दिवशी अंगणात ठरलं, आणि मम्मीचा पहिला नंबर आला.

त्यानंतर पप्पांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. पप्पांचं सोडणं साधं नसतं. खिचडीवर आम्ही वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल घेतो. पप्पा ते धारेने घ्यायचे, इतकं की खिचडीत आळं करावं लागायचं. ज्या दिवशी त्यांनी तेल सोडलं त्या दिवशी त्यांनी वाटी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि मग वाटी मम्मीच्या ताटाशेजारी ठेवली. नवरी सासरी पाठवताना बापाचा चेहरा असतो तसा चेहरा होता. मग शेवभाजीची तर्री गेली, ती मम्मीकडे. रात्रीचं दूध-साखर, तेही मम्मीकडे. गावात लग्न असलं की पप्पा पंगतीत जिलबी नको म्हणायचे नाहीत, वाढणाऱ्याला वाईट वाटतं म्हणून. ते ती रुमालात बांधून घरी आणायचे आणि रुमाल मम्मीच्या हातात द्यायचे.

"मॅडम," काका म्हणायचे, "तुन्ही मम्मीले सांग, काट्यानी परवानगी शे."

काका स्वतः सगळं खात होते. यंत्राने त्यांना तरुण ठरवलं होतं, आणि तरुण माणसाने खाल्लं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. जेवताना ते पप्पांना "दादा, तुम्ही वाढा ना" असं अदबीने अहो-जाहो करायचे आणि पप्पा घास गिळता गिळता त्यांच्याकडे रागाने बघायचे. बाहेर कोणी भेटलं तरी काका ओळख करून द्यायचे, "हाऊ मन्हा मोठा भाऊ." पप्पा पहाटे उठून शेताच्या बांधापर्यंत चालायला लागले ते शुगरच्या भीतीने नाही, या अहो-जाहोमुळे. हे मला पक्कं माहीत आहे.

आणि पप्पा खरंच उतरत होते. पँटचं बटण लावताना आता छताकडे बघायला लागत नव्हतं. घरात आनंदी वातावरण होतं. मीच एकटी ताटाकडे बघत बसायचे आणि पप्पांनी सोडलेली प्रत्येक गोष्ट वाटीतून, रुमालातून, कपातून एकाच दिशेला जाताना बघायचे. मम्मीला अन्न टाकून देता येत नाही. तिच्या दृष्टीने हा खाण्याचा नाही, आवरण्याचा प्रकार होता. जशी ती दिवे बंद करत हिंडते, तशी ती उरलेलं संपवायची.

मी माझ्या पद्धतीने प्रयत्न केले. पहिला प्रयत्न फोनवर. घरच्यांच्या ग्रुपवर मी मराठीत एक मेसेज लिहिला. बारीक माणसालाही शुगर असू शकते, वजनावरून कळत नाही, चाळिशीनंतर सगळ्यांनीच रक्त तपासावं. मोठ्या कष्टाने लिहिला, दोनदा वाचला, पाठवला. पप्पांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुरतहून काकूने गुलाबाचं फूल पाठवलं. काकांनी मेथीदाणे रात्री भिजत घालण्याविषयीचा दुसराच मेसेज पाठवला, आणि त्याखाली लिहिलं, "मॅडम हुशार आहे." मम्मी त्या ग्रुपवर आहे, पण ती फोनचा उपयोग फक्त टॉर्चसाठी करते.

दुसरा प्रयत्न घरातल्या यंत्राचा. पप्पांनी शुगर तपासायचं छोटं यंत्र आणलं होतं. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा. पप्पा टोचताना डोळे मिटून घ्यायचे आणि टोचून मीच द्यायचे. एका सकाळी पप्पांचं झाल्यावर मी मम्मीला म्हटलं, "तूपण कर ना. एक थेंब."

"माले कसाले?" ती भाकरी थापत होती.

"सहज."

"सहज कोनी सुई टोची लेस का?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "तपासं का निंघस. नही तपासं तं नही निंघस."

यावर मला सुचलेलं सगळं इंग्रजीत होतं, फाइलीतल्या भाषेत. मी यंत्र डबीत ठेवलं. ती मग जरा वेळाने, पाठ माझ्याकडेच ठेवून, हळू म्हणाली, "मन्ही मायले बी तपासं होतं. मंग बोट गयं." तेव्हा मला कळलं की मला जी भीती आहे तीच तिला आहे. आम्ही दोघी एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे हा सण मोठा. पुरणाचे मांडे, आमरस. पप्पांनी रसाची वाटी हातात घेतली. आंबा सोडणं त्यांना तेल सोडण्यापेक्षा कठीण होतं. त्यांनी वास घेतला, बोट बुडवलं, चाटलं. काका खाकरले.

"दादा, वयनं मान राखा."

पप्पांनी वाटी मम्मीकडे सरकवली. वाटी भरलेली होती आणि मम्मीची स्वतःची वाटी रिकामी झालेली होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण जेवताना मी कधी बोलत नाही.

"काय व बेटा?" पप्पा म्हणाले.

"मीठ," मी म्हटलं.

मीठ माझ्यासमोरच होतं. काकांनी ते उचलून आणखी जवळ ठेवलं. मम्मीने रस प्यायला. दुपारी ती मिरच्या भरायला बसली तेव्हा चिंधी बांधलेलं बोट तिने वर धरलं होतं, तिखट लागू नये म्हणून. ते बोट वर्गात उत्तर येणाऱ्या एखाद्या मुलीसारखं वर होतं आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

डॉक्टरांनी पप्पांना पुन्हा बोलावलं होतं, उपाशीपोटी. जायच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवलं की मम्मीलाही उपाशीच न्यायचं. तिथे गेल्यावर काय करायचं ते ठरवलं नाही. मला एका वेळी एकच धाडस झेपतं. अडचण चहाची होती. मम्मी उठल्याबरोबर चहा घेते, आणि आता तर दोन कप. त्या दिवशी मी तिच्या आधी उठले, पातेल्यातलं दूध गॅसवर ठेवलं आणि त्यात अर्धं लिंबू पिळलं.

मम्मी आली, पातेल्यात बघितलं. "नासनं."

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

तिने पातेलं नाकाशी नेलं. मला वाटलं, लिंबाचा वास येणार. पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. मी एक गोष्ट विसरले होते. मम्मीला टाकता येत नाही. तिने त्या नासलेल्या दुधात भरपूर साखर घातली, ते आटवलं, वेलदोडा कुटून टाकला आणि त्याचा एक छान दाणेदार गोड पदार्थ तयार केला. मी दाराशी उभी राहून बघत होते. शुगर तपासायला नेण्यासाठी मी जे केलं होतं, त्यातून आता घरात आजवरचा सर्वांत गोड पदार्थ शिजत होता. काका बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होते, म्हणून तिला तिथे खायला वेळ मिळाला नाही. तिने तो स्टीलच्या डब्यात भरला, चमचा घातला आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली.

शहाद्यापर्यंत मी तो डबा बघत होते. ती तो दोनदा उघडणार होती. एकदा मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "बघ, पपई किती लागलीय." दुसऱ्यांदा म्हटलं, "ती बघ, केळी." काका आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमनी तब्येत बरी शे ना? आज लई बोली ऱ्हायनी."

दवाखान्यात पप्पांचं रक्त घेतलं. मग आम्ही सगळे केबिनमध्ये गेलो. पप्पा यंत्रावर चढले. कंबर मोजली. डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि टेबलावर हलकेच थाप मारली.

"उत्तम. पोटातली चरबी कमी झालीय, स्नायू टिकलेत. सगळ्यांचं असं होत नाही. चालणं सोडू नका. शरीराचं वय अठ्ठावन्न."

पप्पांनी आपल्या आयुष्यात इतक्या हळू मान फिरवून कोणाकडे बघितलं नसेल. काका उठले आणि यंत्रावर चढले. आखाजीपर्यंतची सगळी तरुणाई यंत्राने मोजली. बासष्ट.

"ये भो," पप्पा म्हणाले. "पाया पडस."

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. पण चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. थोरलेपण गेलं की माणसाला चैन पडत नाही, ते त्यांना मधल्या काळात कळलं असावं. त्यांनी खुर्चीत बसून पाय पसरले. "डॉक्टर साहेब, आते तोंड गोड करूत. याले नका देऊ, आपन खाऊत. घरनंच शे." आणि मग रीतीप्रमाणे, दाराजवळ चपला घेऊन उभ्या असलेल्या मम्मीकडे अजिबात न बघता, माझ्याकडे वळले. "मॅडम, तुन्ही मम्मीले सांग, डबा उघाड."

मम्मीने चपला खाली ठेवल्या. डबा उघडला, वेलदोड्याचा वास सगळ्या केबिनमध्ये पसरला. तिने डबा डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर म्हणाले, "नको ताई, मलाही बंद आहे," आणि हसले. पप्पांनी मान फिरवली. काकांनी यंत्राच्या कागदाकडे एकदा बघितलं आणि हात मागे घेतला. आता त्या खोलीत परवानगी असलेलं एकच माणूस उरलं होतं.

"फेकाले काय चोरीनं शे?" असं माझ्याकडे बघून म्हणत मम्मीने चमचा भरला. डबा धरलेल्या हाताचं चिंधीचं बोट वर ठेवून.

काकांचा निरोप अजून माझ्याकडेच होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मी "डबा उघड म्हणतायत" असं म्हणेन म्हणून. डबा तर उघडलेला होता. चमचा तिच्या ओठांपाशी आला आणि मी एवढ्या मोठ्याने बोलले की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटनेही आत डोकावून बघितलं.

"मम्मी, चमचा खाली ठेव. डॉक्टर, हिचं बोट बघा आणि हिचं रक्त घ्या. हिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, दूध मीच नासवलं होतं."